गुळाच्या तराजूत मी बसले नाही

ज्यांच्या हातात नुकताच तपासणीचा कागद पडला आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. आता तुम्हाला भेटायला पुष्कळ लोक येतील, शहाळी आणतील आणि निघताना सांगतील की देवावर विश्वास ठेवा, सगळं नीट होईल. मी तसं सांगणार नाही. माझा देवावर विश्वास नाही. आजाराआधी नव्हता, आजारात आला नाही, बरी झाल्यावरही आलेला नाही. अशा माणसाला कॅन्सर झाला की त्याला आजाराशी झगडावं लागतंच, शिवाय त्याच्यावर प्रेम करणाऱ्या माणसांशीही झगडावं लागतं. पहिल्या झगड्याबद्दल डॉक्टर सगळं सांगतात. दुसऱ्याबद्दल लिहिलेलं मला कुठे फारसं सापडलं नाही. मी श्रीरामपूरला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, म्हणजे मी शोधलं नाही असं नाही.

हे लिहायला मला वेळ लागला. माझी धाकटी बहीण सुमन याच आजाराने माझ्या आधी गेली, आणि तिला आणल्याशिवाय माझ्याबद्दलची एक ओळही खरी होत नाही. तिच्याबद्दल लिहायला बसले की हात थांबतो. थांबत थांबतच लिहिलं आहे.

रिपोर्टचा दिवस

छातीतली गाठ आंघोळ करताना हाताला लागली. वाटाण्याएवढी होती आणि दुखत नव्हती. दुखत नाही म्हणूनच सुमीने तिची गाठ कितीतरी महिने कोणाला सांगितली नव्हती. मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून नगरला गेले. एसटीवर आता अहिल्यानगर अशी पाटी असते, कंडक्टर मात्र अजून नगरच ओरडतो.

रिपोर्ट घ्यायला माझा भाऊ विलास बरोबर आला. तो बेलापूरला आमच्या घरी आईबरोबर राहतो आणि शेती बघतो. डॉक्टर बाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "घरात आणखी कोणाला होता का?"

"धाकट्या बहिणीला."

"आता कशा आहेत त्या?"

विलास भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. मी म्हटलं, "गेली."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "तुम्ही लवकर आलात. हे फार बरं केलंत." त्यातला 'लवकर' तेवढा मी धरून ठेवला. पुढे त्या ऑपरेशनबद्दल, सलाईनमधून द्यायच्या औषधांबद्दल, केसांबद्दल बोलत होत्या. त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही.

नास्तिक माणसाला मरणाची भीती वाटत नाही असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. मला इतकी भीती वाटली की बाहेरच्या बाकावर बसल्यावर चपलेचा बंद लावता येईना. कॉरिडॉरच्या टोकाला देवाची तसबीर होती, तिला ताजा हार घातलेला. फरशी पुसणारी बाई हातातलं काम थांबवून माझ्याजवळ आली.

"ताई, तिकडं तोंड करून हात जोडा. बरं वाटतं बगा."

ती मायेने म्हणाली होती. मी म्हटलं, "बाई, जरा पाणी मिळेल का?"

तिने आणून दिलं. पाण्याने बरं वाटलं.

गाडीत बसल्यावर विलास म्हणाला, "हात जोडले असते तर काय झिजले असते का तुझे?"

सुमीची तुला

आमच्या गावात नवसाची एक रीत आहे. घरातलं माणूस मोठ्या दुखण्यातून उठलं की गावदेवीच्या देवळापुढे त्याची गुळाची तुला करतात. मंडपाच्या तुळईला मोठा तराजू टांगायचा, एका पारड्यात माणूस बसवायचं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा ठेवत जायच्या. दोन्ही पारडी समान झाली की नवस फिटला. मग ढेपा फोडून गूळ गावात वाटायचा. ज्याच्यासाठी नवस बोललेला असतो, त्यानेच बसावं लागतं. त्याच्या वतीने दुसरं कोणी चालत नाही.

सुमी राहात्याला दिलेली. ती माझ्यासारखी पुस्तकात डोकं घालून बसणारी नव्हती. हसरी, बोलकी, उपासतापास मनापासून करणारी. तिचं ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि डॉक्टर म्हणाले की आता ठरावीक महिन्यांनी येऊन दाखवत राहा. त्यानंतर लगेच आईने तुला ठेवली. मी हजर होते. सुमी हिरवी साडी नेसून, नुकत्याच उगवलेल्या केसांवर पदर घेऊन पारड्यात मांडी घालून बसली. तराजू हलला तशी साखळी घट्ट धरून मला म्हणाली, "ताई, बघ बाई, शेवटी माझा भाव गुळाएवढाच निघाला." सगळा मंडप हसला. मीही हसले.

यानंतर जी चूक झाली, ती आमच्याकडचीच माणसं करू शकतात. नवस फिटला म्हणजे दुखणंही फिटलं. आता पुन्हा तपासायला जायचं म्हणजे देवीने दिलेलं खरं की खोटं ते पारखायचं. तारीख जवळ आली तेव्हा आई म्हणाली, "पुन्यांदा कशाला दाखवायचं? देवीला खोटं पाडायचंय का?"

मी राहात्याला जाऊन सुमीशी भांडले. ती भांडी विसळत होती.

"ताई, तुझ्या लायब्रीतलं पुस्तक कुनी परत आणून दिलं, तर तू त्याच्या घरी जाऊन इचारतीस का, खरंच दिलंस का म्हणून?"

"मी पुस्तक उघडून पान फाटलंय का ते बघते."

"म्हनून तर तुझ्याशी कुनी लग्न केलं न्हाई," असं म्हणून ती ओल्या हाताने माझ्या तोंडावर पाणी उडवून हसली. त्या हसण्यात विषय संपला. ती तारखेला गेली नाही. पुढच्याही गेली नाही. पाठ दुखायला लागली तेव्हा सासरच्यांना वाटलं गवताच्या भाऱ्याने लचक भरली असेल. नगरला नेलं तेव्हा आजार हाडांत उतरला होता.

ती गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं होतं, वेळेवर आली असती तर वाचली असती का? ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित." मी तो 'कदाचित' आहे तसाच ठेवला आहे. रागाच्या भरात त्याचं 'नक्की' करावंसं पुष्कळदा वाटलं, पण मग माझ्यात आणि ज्यांच्यावर मी रागावते त्यांच्यात फरक राहणार नाही.

वॉर्डातली मावशी

वॉर्डात सकाळी आधी वजन करायचे. औषध किती द्यायचं हे वजन आणि उंचीवरून ठरतं. काट्यावर उभी राहिले की दर वेळी मला मंडपातली सुमी आठवायची. इथेही माणसाला तोलतच होते, फक्त आकडा बदलला तर औषध बदलत होतं.

शेजारच्या खाटेवर शनिशिंगणापूरकडची एक मावशी होती. तिचंही दुखणं तेच, माझ्याहून पुढे गेलेलं. सलाईन चालू असताना ती इतकं बोलायची की सिस्टर म्हणायची, मावशी, औषध शिरेतून जातंय, तोंडातून बाहेर काढू नका. मी देव मानत नाही हे तिला कसंतरी कळलं.

"आमच्याकडं घराला दारं न्हाईत, ठावं हाय ना? देवाचा धाक हाय म्हनून."

मी विचारलं, "मग मावशी, तुमचे दागिने कुठे असतात?"

 ती पोट धरून हसली. "नगरला. लेकीकडं. तिच्या लोखंडी कपाटात."

"का?"

"आगं, देव चोराला बघतो, पर चोर कुठं देवाला बघतोय?"

पुढे कितीतरी दिवस आम्ही दोघी या एका बोलण्यावर हसत होतो. तिने माझी कधी कीव केली नाही आणि मला बदलायचाही प्रयत्न केला नाही. माझं तोंड आतून सोलवटलं होतं, घोट गिळवत नव्हता, तेव्हा तिने स्टीलचा पेला बाहेरच्या माठाला लावून गार करून माझ्या गालाला टेकवून धरला होता. दुसऱ्या गालाची पाळी आली की तो पुन्हा गार करून आणायची, स्वतःच्या हाताला सुई टोचलेली असताना. आजारात माझ्या वाट्याला आलेल्या चांगल्या गोष्टी अशाच होत्या. शीर पटकन शोधणारी सिस्टर. आईच्या हातची मऊ मुगाची खिचडी. कॉलेजातल्या शिपायाने न विचारता माझ्या खोलीतल्या कुंड्यांना घातलेलं पाणी. यातलं प्रत्येक काम कोणीतरी माणसाने केलं होतं, आणि कोणी केलं हे मला माहीत आहे.

मावशी आता नाही. ती गेली तेव्हा तिच्या उशाशी अंगाऱ्याची पुडी होती. माझ्या उशाशी नव्हती. म्हणून मी जगले असं मी म्हणणार नाही. तिचा आजार पुढचा होता, माझा सुरुवातीचा. सुमी भाविक होती आणि गेली, मी नास्तिक आहे आणि राहिले, यातूनही काही सिद्ध होत नाही. उलट झालं असतं तर गावाने त्यातून केवढं सिद्ध केलं असतं ते मला ठाऊक आहे. पण त्यांनी केलं असतं म्हणून मी करायचं नसतं.

चप्पल

वॉर्डाबाहेर चपला काढून आत यायचं असा नियम होता. त्यामुळे आई अनवाणी येते हे माझ्या लक्षातच आलं नाही. एका दुपारी मला घरी सोडलं. गाडी लांब लावलेली होती. डांबर तापलेलं, आणि आई चवड्यांवर भराभरा चालत सावली गाठत होती.

"आई, चप्पल कुठे तुझी?"

आई तशीच सावलीकडे चालत राहिली. विलास म्हणाला, "घालत न्हाई ती. नवस बोललीय. तू बरी होऊन तुलेला बसूस्तवर पायात घालनार न्हाई."

मी तिथेच उभी राहिले. डोक्यावर केस नाहीत, पायात बळ नाही, आणि माझ्या नावावर माझ्या माघारी एक करार झालेला. सुमीसाठी बोलला होता तोच. त्याच देवीला. तोच गूळ.

"आई, मी बसणार नाही. आज सांगते, नंतरही हेच सांगेन."

"तू आदी बरी हो," आई म्हणाली. "मंग बगू."

तुझं काय जातंय

मधल्या महिन्यांत मी बेलापूरलाच राहिले. औषधं संपली, किरणांचा शेक संपला, तपासणीत काही उरलं नसल्याचं आलं. घरात आनंद झाला आणि त्याच आठवड्यात विलासने गुळाच्या ढेपा आणून माळ्यावर ठेवल्या.

भांडण त्यावरून झालं. विलास वाईट माणूस नाही. प्रत्येक सलाईनला तो दवाखान्याबाहेर लिंबाखाली दिवसभर बसून राहिला आहे. म्हणून त्याचा मुद्दा मी त्याच्याच शब्दांत देते.

"तुझं काय जातंय, ताई? दोन मिनटं बसायचं. मानू नको ना तू. मनात म्हन, हे समदं खोटं हाय. पर म्हातारीच्या जिवाला शांती मिळंल. श्रद्धेचा येवढा तरी मान राखशील का न्हाई?"

"राखतेच की. तिच्या देवघरातल्या समईत मी तेल घालते. आरतीला मधे बोलत नाही. तिची चतुर्थी असली की मीच साबुदाणा भिजवते."

"मंग अडतंय कुठं?"

"मी तिचा मान राखते. ती जे म्हणते ते खरं आहे असं मानत नाही."

"लई पुस्तकं वाचलीस," तो म्हणाला आणि उठून गेला. त्यानंतर बरेच दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

त्याच्याशी जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते. माझ्याकडे एखादा मुलगा येऊन सांगतो की अमुक पुस्तकात तमुक लिहिलंय. मी म्हणते, पान दाखव. त्यात त्याचा अपमान नसतो. मी त्याचं बोलणं मनावर घेतलेलं असतं, म्हणूनच पान मागते. ज्याचं बोलणं मी मनावर घेत नाही त्याला मी मान डोलावून वाटेला लावते. श्रद्धेचा आदर करा असं लोक सांगतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा हे मान डोलावणंच हवं असतं. देवीने कॅन्सर बरा केला, हे साधंसुधं बोलणं नाही. त्यावर माणसं तारखा चुकवतात. त्याला मी पान दाखव म्हणणारच. आणि पान नसेल तर त्या बोलण्याला बुद्धीच्या दारात मी पाट मांडून बसवणार नाही, मग ते माझ्या आईचं असलं तरी.

आई निराळी आणि आईचं म्हणणं निराळं. मी आईचे पाय चेपीन. तिच्या म्हणण्याचे पाय मी चेपणार नाही.

आईचा पाय

आणि मग पायाचंच दुखणं निघालं.

सकाळी स्वयंपाकघरातून देवघरात जाणाऱ्या फरशीवर मला डाग दिसले. एकाआड एक, ओले. आई देवापुढे बसली होती. तळवा उलटा करून बघितला तर बाभळीचा काटा आत मोडलेला आणि भोवती जखम चिघळलेली. आईला साखरेचं दुखणं जुनं आहे.

"कधीपासून आहे हे?"

"काय म्हाईत. दुखत न्हाई."

आमच्या घरातून याच दोन शब्दांनी एक जीव नेला आहे. विलासला हाक मारून मी तिला तशीच गाडीत घालून श्रीरामपूरला नेलं. डॉक्टरांनी काटा काढला, जखम साफ केली. आईने हूं की चूं केलं नाही, आणि डॉक्टरांना नेमकी त्याचीच काळजी वाटली. पायातली जाण गेलीय, म्हणाले.

"आजी, आता अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. घरातसुद्धा नाही. नाहीतर बोट काढावं लागेल, कदाचित पाऊलही."

"डाक्टर, नवस हाय माझा."

"कशाचा?"

आईने माझ्याकडे बोट केलं. "हिचा."

विलास म्हणाला, "ताई. आता तरी."

ते सगळे माझ्याकडे बघत होते. दोन मिनिटं बसायचं, आईचा पाय वाचवायचा, एवढंच होतं. हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना वाटेल, हिने बसायला हवं होतं. मलाही त्या क्षणी तसंच वाटलं. पण सुमी बसली होती तेव्हाही ते कोणाला मोठं वाटलं नव्हतं. मी बसले असते तर आईने चप्पल घातली असती, आणि आमच्या घरात पुन्हा एकदा ठरलं असतं की तराजू समान झाला म्हणजे दुखणं संपलं. माझ्या पुढच्या तारखेला हेच घर मला म्हणालं असतं, देवीला खोटं पाडायचंय का.

मी म्हटलं, "घरी गेल्यावर बोलू."

दुपारी आई पाय उशीवर ठेवून पडवीत पडली होती. मी तिच्या पायाशी बसले.

"आई, सुमीची तुला झाली होती ना?"

"व्हय."

"पारडी समान झाली होती?"

"तूच हुतीस की तितं."

"मग काय झालं?"

आई छताकडे बघत राहिली. "घाई केली आमी. पुरतं बरं व्हायच्या आदी फेडला. आमचंच चुकलं."

हे मी असंख्य वेळा ऐकलं आहे, नुसतं आईच्या तोंडून नाही. माणूस वाचला तर देवाने वाचवला, गेला तर आपलंच काही चुकलं. अशा परीक्षेत देव कधी नापासच होत नाही, नापास होते ती मेलेली माणसं. सुमी नापास झाली होती. तिची भक्ती कमी पडली, तिची घाई झाली, तिच्या घरच्यांचं चुकलं. माझ्या बहिणीवर हा शेरा मारून ठेवलेला मला चालत नव्हता. तो खोडायला कोणीतरी हवं होतं.

"आई, तुझं काही चुकलं नाही गुळात. गूळ बरोबर होता. सुमीची भक्तीही बरोबर होती. दोन्हींचा त्या गाठीशी काही संबंध नव्हता, एवढंच."

"तोंड आवर, मंदे. देवघर हाय आत."

"असू दे. मी तुलेला बसले तर गाव म्हणेल, मंदाला देवीने वाचवलं. मग सुमीला का नाही वाचवलं? मला कोणी वाचवलं सांगू? सुमीने. तिची गाठ मी बघितली होती, म्हणून माझी गाठ लागल्यावर मी एक दिवसही थांबले नाही. डॉक्टर म्हणाल्या, लवकर आलात. मला लवकर कोणी नेलं? सुमीने नेलं. तिचं हे काम मी दुसऱ्या कोणाच्या नावावर लावणार नाही. देवीच्याही नाही."

आई उठून बसली. मला वाटलं, आता रडेल किंवा हाकलून देईल. तिने दोन्ही केलं नाही.

"सुमीनं?" तिने विचारलं.

"सुमीने."

बाहेर विलासची बायको वाळवणावरचे कावळे हाकत होती. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"मंग सुमीसाटी तू काय करनार?"

"तारखेला जाणार. प्रत्येक तारखेला. एकही चुकवणार नाही."

आईने पदराचं टोक सोडून दिलं. म्हणाली, "जरा च्या टाक."

औषीद

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चपला घेऊन आले. काळ्या, मऊ रबराच्या, बंदवाल्या. साखरेच्या रोग्यांना देतात त्या. आईपुढे ठेवल्या. तिने त्यांना हात लावला नाही, पण चौकशी केली.

"कुटून आनल्या?"

"मेडिकलमधून."

"चपलांच्या दुकानातनं न्हाई?"

"नाही. तिथे मिळत नाहीत."

"डाक्टरनी लिव्हून दिल्या?"

मी कागद दाखवला. आईला वाचता येत नाही, तरी तिने तो उलटसुलट करून बघितला.

"मंग ह्या चपला न्हाईत," ती म्हणाली. "हे औषीद हाय. औषदाचा काय नवस न्हवता बोलले मी."

आणि पाय पुढे केले. मी एका पायाचे बंद लावले. विलास दारात उभा होता, तो इतक्या जोरात हसला की आईने त्याला दुसरी चप्पल दाखवली. त्या दिवसापासून तो माझ्याशी पुन्हा बोलायला लागला.

मला लोक विचारतात, म्हणजे शेवटी श्रद्धेतूनच वाट निघाली ना? नाही. वाट आईने काढली. डॉक्टरांनी सांगितलेलं तिने ऐकलं, फरशीवरचे डाग तिने बघितले, आणि ठरवलं की पाय ठेवायचा. देवीपुढे तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून तिने त्याला औषध म्हटलं. तिच्या या हुशारीला मी मनापासून मानते. नवसाला मानत नाही. गावात काहींनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे. देवळाचा पुजारी रस्त्यात भेटला की विचारतो, तराजू कधी टांगायचा? मी म्हणते, ऊस मोजायला न्या.

माळ्यावरच्या ढेपांना मुंग्या लागल्या तेव्हा वहिनीने त्यातली एक चहाला फोडली. आईने बघितलं आणि कप पुढे केला, पण साखरेचं दुखणं आहे म्हणून वहिनीने तिला बिनगुळाचाच दिला.

परवाची तारीख

परवा माझी तारीख होती. आई म्हणाली, मी येते. नगरपर्यंत मांडीवर हात ठेवून गप्प बसली होती, पायात काळं औषध. त्याच कॉरिडॉरमध्ये, त्याच बाकावर तिला बसवून मी आत गेले. तपासणीला आत जाताना मला आजही भीती वाटते. तुम्हालाही वाटेल. ती घेऊनच आत जायचं असतं. पुढच्या वेळी काय निघेल ते मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं मला कोणी सांगू नये.

बाहेर आले तेव्हा आई उभीच होती.

"काय म्हनाल्या?"

"काही नाही निघालं. स्वच्छ आहे."

आईने टोकाच्या तसबिरीकडे तोंड केलं आणि हात जोडले. मी तिची पिशवी धरून बाजूला उभी राहिले. माझे हात पिशवीत गुंतले होते, मोकळे असते तरी जोडले नसते. हे तिला माहीत आहे. तिचं झालं तशी ती वळली, माझ्या दंडाला धरलं आणि दोन पावलं चालून थांबली.

"पुढची तारीख घेतलीस का?"

"घेतली."

"कंची?"

मी सांगितली. जिन्याच्या पायऱ्या उतरताना आई ती तारीख तोंडातल्या तोंडात घोकत होती.